एकवीस, अठरा, अकरा

४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, सासूबाईंच्या वागण्यात काही वेगळं दिसलं की लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांनी यादी घेऊन या. म्हणून ही वही काढली. यादी शेवटच्या पानावर करीन, पुढची पानं माझी. कामाच्या वहीत रडगाणं लिहिता येत नाही आणि नवऱ्यापुढे रोज गायलं तर तोही बिचारा कंटाळतो.

परिस्थिती थोडक्यात अशी. माझं वय सेहेचाळीस. नोकरी संशोधनाची, करारावरची आणि करार एप्रिलच्या शेवटी संपतो. सरांनी स्पष्ट सांगितलंय की विज्ञानाच्या मासिकात चांगला पेपर गेला तर ते माझ्या मुदतवाढीसाठी भांडतील, नाहीतर भांडायला त्यांच्या हातात काही नाही. नवरा दातांच्या कवळ्या बनवतो, त्याचं कामाचं ठिकाण शहराच्या दुसऱ्या टोकाला. सासूबाई एकोणऐंशीच्या, दिवसभर घरात एकट्या. गेल्या महिन्यात गॅसवर रिकामं पातेलं ठेवून झोपी गेल्या. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं.

वृद्धांच्या देखभालगृहात एक मार्चपासून एक खोली रिकामी होते आहे. तिथला फॉर्म फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलाय. नवऱ्याची सही झाली आहे, माझी व्हायची आहे. आई त्याची, पण सही करताना तो म्हणाला, तू ठरवशील तसं. म्हणजे पाप माझ्या माथी.

७ फेब्रुवारी

आज कुणीतरी माझं भलं केलं. फार दिवसांनी.

माझं काम इथे एकदा लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच ही वही वाचली तर मला कळेल. वीस सूक्ष्म चुंबकांची एक साखळी आहे आणि तिला बाहेरचं जग लागलं की तिचं काय होतं ते मी संगणकावर बघते. साखळी बंद डब्यात असती तर सोपं होतं, सगळा कारभार दहा लाख आकड्यांत मावतो. डबा उघडा ठेवला, बाहेरची ऊब आणि धक्के आत येऊ दिले, की तेच दहा लाख गुणिले दहा लाख होतात. एवढं आमच्या यंत्राच्या पोटात मावत नाही. म्हणून आम्ही पळवाट काढतो. साखळीची एकच गोष्ट चालवायची आणि बाहेरचा धक्का कधी बसणार ते फासे टाकून ठरवायचं. मग दुसरी गोष्ट, नवे फासे. अशा हजारो गोष्टींची सरासरी काढली की खरं उत्तर हाती येतं. एकट्या गोष्टीला अर्थ नसतो, ती नुसती वेडीवाकडी रेघ.

मोठ्या संगणकावर कुणाचं काम कधी लागणार हे ठरवणारा एक माणूस आमच्याकडे आहे. त्याला सगळे रांगमास्तर म्हणतात. महिनाभर माझी कामं तुकड्यातुकड्याने लागत होती, आठवड्याला एखाददुसरं, आणि जेमतेम तीनशे गोष्टी झाल्या होत्या. आज सकाळी त्याचा निरोप आला की दुरुस्तीनंतर यंत्र पूर्ण मोकळं आहे, तुमची पन्नासच्या पन्नास कामं एकदम सोडतो. प्रत्येक कामात चाळीस गोष्टी. दुपारच्या चहापर्यंत दोन हजार गोष्टी तयार.

सरासरी काढली तर मधोमध उंचवटा. साखळीच्या मधल्या एका चुंबकाची दिशा विरत विरत शून्यावर जायला हवी. ती तशी जाते आणि मग क्षणभर परत वर येते, विसरलेलं नाव अचानक आठवावं तशी. उंची अनिश्चिततेच्या पाचपट. आमच्या धंद्यात पाचपट म्हणजे शिक्कामोर्तब.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण दमलेल्या माणसाला होतो तसा, खुर्चीत बसून.

१० फेब्रुवारी

पन्नासांपैकी एखादं काम मधेच बंद पडलेलं नाही ना हे बघायला प्रत्येकाचा आलेख कागदावर छापून घेतला. पडद्याकडे बघून डोळे चुरचुरतात. प्रत्येक कागदावर रेघ शेवटपर्यंत पोचली आहे एवढं बघितलं. एकेक कागद निरखून कोण बघतो? बघायची ती सरासरी. गठ्ठा घरी आणलाय, मागची बाजू कोरी आहे, सामानाच्या याद्यांना बरी पडेल.

११ फेब्रुवारी

घरी आले तर जेवायच्या टेबलावर माझे पन्नास कागद तीन गठ्ठ्यांत लावलेले. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. सासूबाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या, पूर्वी कारखान्यात कापड तपासायला बसायच्या तशा.

"माल तीनच प्रकारचा आहे," त्या म्हणाल्या. "एकवीस, अठरा, अकरा. नक्षी तीच परत येते. पन्नास कुणी सांगितले तुला?"

मी म्हटलं, आई, ते कामाचे कागद आहेत, त्यांच्यावर नक्षी नाही, नुसत्या रेघा आहेत आणि रेघा सगळ्या सारख्याच दिसतात. त्यावर त्या म्हणाल्या की सारखं दिसणं वेगळं आणि तेच असणं वेगळं. नवरा हात धूत होता, तो तिथूनच म्हणाला, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. तो हसला, मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. मी गठ्ठे एकत्र करून कपाटावर ठेवून दिले, कारण टेबल हवं होतं.

यादीत चौथा मुद्दा घातला. पहिला गॅसचा. दुसरा, भाजीत दोनदा मीठ. तिसरा, समोरच्या घरातला दिवा रोज सहा वाजून बारा मिनिटांनीच लागतो आणि घरात कुणी नाही असा संशय. चौथा, कागदांचे गठ्ठे लावत बसतात आणि नक्षी परत आली म्हणतात.

१६ फेब्रुवारी

सरांनी आलेख बघितला. सर अशा गोष्टीकडे बघतात तेव्हा आधी ओठ चावतात, मग खिडकीकडे बघतात. आज खिडकीकडे बराच वेळ बघितलं. फासे तपासलेस का, असं विचारलं. मी सांगितलं, माझ्या टेबलावरच्या संगणकावर एकापाठोपाठ एक असं दहा वेळा चालवून बघितलं, दहाही वेळा वेगळे फासे पडले. मग ठीक, म्हणाले. आठवड्यात पेपर पाठवायचा ठरलं.

लिफ्टमध्ये त्यांनी माझ्यासाठी दार धरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

१९ फेब्रुवारी

दिवसभर पेपर लिहिला. घरी आल्यावर सासूबाईंनी कारखान्याची गोष्ट सांगितली, या आठवड्यात तिसऱ्यांदा. पडद्याचं कापड छापणाऱ्या कारखान्यात त्या तीस वर्षं तपासनीस होत्या. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्या वरून बघायच्या. कापड रुळाने छापतात, रूळ फिरला की नक्षी पुन्हा सुरू होते. नव्या मुलींना त्या एकच गोष्ट शिकवायच्या: "डाग एकदा पडला तर नशीब. परत त्याच जागी पडला तर रूळ तपासा."

तिन्ही वेळा अगदी त्याच शब्दांत सांगितलं. हेही यादीत घालावं का, असा विचार केला. घातलं. पाचवा मुद्दा.

नंतर अपराधी वाटलं. त्या बोलतात तेव्हा मी मनात पेपरची वाक्यं जुळवत असते, हेही कुणीतरी कुठल्यातरी यादीत घालायला हवं.

२० फेब्रुवारी

आज त्यांनी मला त्यांच्या धाकट्या जावेच्या नावाने हाक मारली. ती जाऊन वीस वर्षं झाली. मी ओ दिली.

२२ फेब्रुवारी

पेपर गेला. सरांनी माझं नाव पहिलं ठेवलं. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो खूश झाला आणि म्हणाला, आता एकच काम राहिलं. फ्रिजकडे बघितलं नाही, पण मला कळलं.

२५ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं यादी मी त्यांच्या हातात देईन. ते म्हणाले, तुम्हीच वाचा. सासूबाई शेजारच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन. मी वाचत गेले. चौथ्या मुद्द्याला डॉक्टरांनी विचारलं की कागदांवर खरंच काही असतं का. मी म्हटलं, नाही हो, माझ्या कामाचे आलेख आहेत, त्यात योगायोगाच्या रेघा असतात, परत येण्यासारखं काही नसतं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी सासूबाईंना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बारा आकडे त्यांनी एकाच बाजूला दाटीवाटीने काढले. स्वतःच बघत राहिल्या आणि कागद उलटा करून ठेवला.

घरात शिरताना त्या म्हणाल्या, "गॅसचं सांगितलंस, बरोबर केलंस. मिठाचंही. पण मालाबद्दल मी खोटं बोलत नाही."

नवरा जेवला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? मी त्याला म्हटलं, फॉर्मवर उद्या-परवा सही करते.

२६ फेब्रुवारी

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर खिडकीच्या काचेला कागद चिकटवलेला. मला उशीर होत होता. काढायला हात वर केला तेव्हा लक्षात आलं की कागद एक नाही, दोन आहेत, एकावर एक. बाहेरून ऊन येत होतं आणि दोन्ही कागदांतून आरपार दिसत होतं. दोन कागद आणि रेघ एकच.

मी खालचा कागद जरा सरकवला, दोन रेघा झाल्या. परत जुळवला, एक. प्रत्येक खाच, प्रत्येक टोक, शेवटची ती मूर्ख शेपटीसुद्धा. फासे टाकून काढलेल्या दोन रेघा इतक्या जुळणं म्हणजे दोन अनोळखी माणसांनी शब्दाला शब्द तेच पत्र लिहिणं.

कपाटावरचा गठ्ठा काढला. हातच्या काकणाला आरसा कशाला, खिडकी समोरच होती. तासभर उभी होते. एकवीस, अठरा, अकरा.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि मीठ घातलं. मी तो चहा प्यायले.

२७ फेब्रुवारी

कारण सापडायला दहा मिनिटं लागली, आणि हेच मनाला जास्त लागलं. फासे सुरू करायला एक आकडा द्यावा लागतो, त्याला आम्ही बीज म्हणतो. बीज तेच असेल तर फासेही ओळीने तेच पडतात. मी बीज घड्याळावरून घेतलं होतं, सुरू होण्याच्या सेकंदावरून. माझ्या टेबलावर कामं एकापाठोपाठ एक चालवली, म्हणून सेकंद वेगळे आणि फासे वेगळे. महिनाभर तुकड्यातुकड्याने कामं लागत होती तोवरही सगळं ठीक होतं. सात तारखेला रांगमास्तरने भलेपणाने पन्नास कामं एकदम सोडली. ती तीन सेकंदांत सुरू झाली. पहिल्या सेकंदात एकवीस, दुसऱ्यात अठरा, तिसऱ्यात अकरा.

म्हणजे दोन हजार गोष्टी नाहीत. एकशेवीस गोष्टी आहेत, त्याच त्याच परत सांगितलेल्या. सासूबाईंनी तीच गोष्ट तीनदा सांगितली तर मी यादीत घातली, आणि माझ्या यंत्राने एकवीसदा सांगितली ती मी मासिकाकडे पाठवली. अनिश्चितता मी सांगितली त्याच्या चौपट आहे. पाचपट उंच उंचवटा आता जेमतेम सव्वापट. तेवढा कशाचाही येतो.

रांगमास्तरला सगळी कामं परत लावायला सांगितली, यावेळी प्रत्येक कामाचं बीज हाताने लिहून, एक ते पन्नास. काय झालं, त्याने विचारलं. काही नाही, म्हटलं. त्याला कसं सांगू?

१ मार्च

दोन दिवस मी गप्प बसले. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. मनात येत होतं की नव्या कामांतही कदाचित उंचवटा निघेल. आणि नाही निघाला, तरी कुणाला कळणार? मासिकाचे परीक्षक काही पन्नास कागद खिडकीला लावून बघत नाहीत. एप्रिलनंतर, मुदतवाढ झाल्यावर, छोटी दुरुस्ती म्हणून कळवता येईल. असं लोक करतात. मी अशा लोकांना नावं ठेवत आले आहे.

नवऱ्याने सकाळी फॉर्म टेबलावर ठेवला, पेन त्याच्यावर आडवं. आजच द्यायचा होता. मी पेन उचललं आणि मग त्याला सगळं सांगितलं, खिडकीपासून. त्याने दोन कागद स्वतः काचेला लावून बघितले. दातांचे साचे जुळवणारा माणूस, त्याला समजवावं लागलं नाही. मग म्हणाला, "आपण तिला हसलो."

मी म्हटलं, मीठ खरं आहे, गॅस खरा आहे, घड्याळाचं चित्र आपण डोळ्यांनी बघितलं. एक मुद्दा चुकला म्हणून बाकीचे चुकत नाहीत. हे मी म्हणाले आणि माझं मलाच ऐकवेना. पेपर आणि यादी, दोन्ही माझ्याच हातची. दोन्हीकडे काय निघायला हवं ते मला आधीच माहीत होतं.

सही केली नाही. फाडलाही नाही. परत फ्रिजवर लावला.

२ मार्च

नवे निकाल आले. दोन हजार खऱ्या गोष्टी. रेघ विरत विरत शून्यावर जाते आणि तिथेच राहते. काही परत येत नाही.

देखभालगृहातून फोन आला, खोली दुसऱ्यांना दिली.

३ मार्च

सरांकडे गेले. बस म्हणाले, मी उभीच राहिले. सगळं सांगितलं, तीन सेकंदांसकट. त्यांनी ओठ चावला, खिडकीकडे बघितलं नाही, टेबलाकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. चूक कुणी पकडली, असं त्यांनी विचारलं.

"सासूबाईंनी," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना तसं वाटेनासं झालं.

पेपर परत घेतल्याचं पत्र त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं. फाशांबद्दल मीही नीट विचारायला हवं होतं, म्हणाले. भले आहेत. पण मुदतवाढीबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यातच ती मिळणार नाही हे सांगून झालं. मे महिन्यापासून दिवसभर घरी कोण, हा प्रश्न सुटला. मला तो असा सोडवायचा नव्हता. हे कुणाला चांगलं वाटो न वाटो, मी रस्त्यात रडले, थांब्यावर, चार लोकांसमोर.

६ मार्च

डॉक्टरांना फोन करून चौथा मुद्दा खोडायला सांगितला. कारण विचारलं. माझी चूक होती, त्यांचं बरोबर होतं, असं सांगितलं. ते म्हणाले, खोडतो, पण बाकीच्यावरून निदान बदलत नाही, येत्या वर्षात वाढेल. मला माहीत होतं. तरी खोडायला हवा होता.

तिसराही खोडायला सांगितला. शेजारीण म्हणाली, समोरचे लोक डिसेंबरपासून परगावी आहेत, चोरांच्या भीतीने दिव्याला घड्याळ लावून गेलेत. सहा वाजून बारा मिनिटं.

नवऱ्याने गॅसला कुलूप बसवलं. किल्ली पिठाच्या डब्यामागे.

१० मार्च

शनिवारी नवे पन्नास आलेख छापून आणले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सगळे कागद सासूबाईंपुढे ठेवले आणि म्हटलं, आई, हे तपासून द्याल का? त्यांनी आधी हात धुतले. मग खुर्ची खिडकीपाशी ओढायला सांगितली.

दोन दुपारी लागल्या. मधे मधे त्या विसरायच्या की काय करतो आहोत, हातातल्या कागदाकडे बघत बसायच्या. मग तो काचेला लागला की हात आपोआप चालायला लागायचे. मी शेजारी बसून कागद देत होते. जुळतोय का, मी विचारायची. नाही, त्या म्हणायच्या. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक खूण करायच्या, कारखान्यात करायच्या तशी. पन्नासही कागद झाले. पन्नास वेगळे, आणि त्यांच्यात शोधण्यासारखं काही नाही. सगळा गठ्ठा त्यांनी ठोकून सरळ केला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पास."

या वर्षी मला मिळालेला हा एकच होकार.

त्या माझ्याकडे बघत होत्या, ओळख शोधल्यासारख्या. मग विचारलं, "तू नवीन दिसतेस. दिवसपाळीला की रातपाळीला?"

"तुमच्याच पाळीला," मी म्हटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकटीने बघून डोळे जातात."